सावलीचा बंदोबस्त

विदर्भातल्या खेड्याचा दिनक्रम जो कोणी डोळसपणे न्याहाळील, त्याच्या एक गोष्ट तेव्हाच ध्यानात येईल की, पावसाळ्याचे चार महिने वगळले तर येथला माणूस घरात राहण्यापेक्षा घराच्या अवतीभोवतीच अधिक राहतो. सकाळचा चहा ओट्यावर, जेवणानंतरची वामकुक्षी छपरीत, दिवेलागणीच्या गप्पा अंगणात टाकलेल्या बाजेवर आणि उन्हाळा तापू लागला की रात्रीची झोपही त्याच बाजेवर, असा हा क्रम आहे. आणि भिंतींच्या आतली जागा ही धान्याच्या कोठ्या, देव्हारा, कपडालत्ता व भाव वाढण्याची वाट पाहत घरात भरून ठेवलेला कापूस यांच्याच स्वाधीन केलेली असते. असे असूनही घर बांधावयाचे म्हटले की आपला सारा विचार आणि सारा पैसा भिंतींच्या आत खर्ची पडतो, आणि उरलेल्या जागेचे काय करावयाचे हा प्रश्न गवंडी मजुरी घेऊन निघून गेल्यावर, घरात सिमेंटची चार पोती शिल्लक राहिली आहेत असे दिसल्यावर, आपल्याला सुचतो.

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले वडनेर हे गाव या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता, जो पूर्वी सात क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता आणि आता ४४ क्रमांकाचा म्हणून श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत मोजला जातो, तो हिंगणघाट सोडून दक्षिणेकडे निघाला की वडनेरला लागतो. भोवताली कापूस, तूर आणि सोयाबीन यांची काळी जमीन. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास. आणि पाऊस हजार मिलिमीटरच्या आगेमागे, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा ठिकाणी घराबाहेरची जागा सुखावह करावयाची तर बंगल्यांच्या चित्रांतली हिरवळ आणि तिच्यावर मांडलेल्या वेताच्या खुर्च्या यांचा काडीइतकाही उपयोग नाही. ज्या दिवसांत बाहेर बसावेसे वाटते त्याच दिवसांत हिरवळीला पाणी मिळत नाही, आणि ज्या दिवसांत ती आपोआप वाढते त्या दिवसांत तिच्यात पाय घालण्याचे धाडस कोणी करीत नाही.

या मुलखातल्या जुन्या कास्तकाराच्या घराचा विन्यास मुळात असा असे. रस्त्याकडून फाटक, फाटकातून आत आले की अंगण, अंगणाच्या कडेला गोठा, घरापुढे कंबरभर उंचीचा ओटा, ओट्यावर कवेलूंनी शाकारलेली छपरी किंवा ओसरी, ओसरीला टांगलेली बंगई, मग आतल्या खोल्या, आणि त्यांच्यामागे न्हाणी, विहीर व भाजीपाल्याची सांदवाडी. परका माणूस अंगणात थांबे, ओळखीचा ओट्यावर टेके, सोयरा ओसरीत बंगईवर बसे आणि खाजगी बोलणी मात्र माजघरात होत. म्हणजे घराबाहेरची ही जागा एकसंध मोकळे पटांगण नसून माणसांच्या दर्जाप्रमाणे आणि दिवसाच्या प्रहरांप्रमाणे तिचे भाग पाडलेले असत. स्त्रियांचा वावर बहुधा मागील सांदवाडीत असे, आणि पुढची प्रशस्त, वाऱ्याची जागा पुरुषांच्या बैठकीसाठी राखलेली असे, हा जुन्या रचनेतला अन्याय तिच्या गुणगानात विसरला जातो. तो येथे नोंदवून ठेवलेला बरा.

हा विन्यास परवडत होता याचे कारण केवळ पूर्वजांचे शहाणपण नव्हे. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला, आणि १९५६ पर्यंत तो मध्यप्रांताच्या व पुढे मध्य प्रदेशाच्या अमलाखाली होता. येथे मालगुजारीची पद्धत होती, आणि मौज्याच्या पडीत व झाडोऱ्याच्या जमिनीतून जळण, गवत, काटे, माती आणि घरापुरते लाकूड घेण्याचा जो रयतेचा वहिवाटीचा हक्क, ज्याला निस्तार म्हणत, त्याचा दस्तूर वाजिब-उल-अर्ज नावाच्या दस्तऐवजात लिहून ठेवलेला असे. छपरीचे खांब, मांडवाचे फाटे, कुंपणाच्या बाभळी, सारवणाची माती, हे सारे गावच्या हद्दीतच हाताशी असल्यामुळे सावली ही तेव्हा रोख पैशाची वस्तू नव्हती. मालगुजारी १९५१ साली गेली, ती जावयासच हवी होती. परंतु पडीत जमिनी वहितीखाली आल्या, झाडोरा विरळ झाला, आणि तीच सावली बाजारातून, टिनाच्या पत्र्याच्या रूपाने, नगाच्या भावाने विकत आणावी लागली.

पुढची पायरी अलीकडची. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट ठरविण्यात आले, आणि सपाट प्रदेशातल्या कुटुंबाला त्यासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य मिळू लागले. कुडाच्या भिंतींत आणि गळक्या छपराखाली जन्म काढलेल्या माणसाला पक्की भिंत व डोक्यावर स्लॅब मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि पंख्याखाली बसून त्या घरांना नावे ठेवणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण २७० चौरस फुटांत ओसरी बसत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडीत राहतो; अशा घराला बाहेरची सावली ही चैनीची नव्हे, तर राहून गेलेली तिसरी खोली असते, आणि तिचा खर्च घरकुलाच्या हिशेबात कोठेही धरलेला नसतो. मग ती खोली आपली आपण उभी करताना दाराला लागून पत्र्याचे शेड, त्याच्यापुढे कुंपणापर्यंत सिमेंटचा कोबा आणि भोवती डोक्याइतकी उंच पक्की भिंत, असा जो क्रम आता गावोगाव दिसतो, तो उन्हाळ्यात अंगणाची भट्टी करण्याचा खात्रीचा उपाय होय.

अंगणाचा विचार जमिनीपासून न करता आकाशापासून करावा, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे. वडनेरचे अक्षांश सुमारे साडेवीस अंश उत्तर. याचा व्यावहारिक अर्थ असा की, २३ मेच्या सुमारास दुपारी सव्वाबाराच्या आसपास सूर्य येथे अगदी डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली खांबाच्या बुडाशी नाहीशी होते, आणि तेथपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य थोडासा उत्तरेकडे कललेला असतो. उलट डिसेंबरात तो मध्यान्हीसही दक्षिणेकडे कलून जमिनीपासून सुमारे ४६ अंशांवरच राहतो. आता समजा, घराच्या दक्षिण बाजूस सहा फूट रुंदीची ओसरी आहे आणि तिची वळचण सात फुटांवर आहे. तर पौषातल्या मध्यान्ही ऊन वळचणीखालून पावणेसात फूट आत येईल, म्हणजे भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर पडेल. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तेच ऊन अडीच फुटांवर अडेल. आणि मेमध्ये ओसरीत पाऊलही टाकणार नाही. काही न हलवता, काही न उघडता, एक छप्पर वर्षभर आपले काम बदलीत राहते, ते असे.

पश्चिमेचे गणित मात्र सर्वस्वी निराळे आहे, आणि बहुतेकांचा पैसा तेथेच वाया जातो. मेच्या अखेरीस दुपारी साडेचारला सूर्य जवळजवळ नेमका पश्चिमेस, जमिनीपासून सुमारे ३० अंशांवर असतो. सात फुटांच्या त्याच वळचणीखालून तेव्हा ऊन बारा फूट आत घुसते. म्हणजे पश्चिमेकडे सहा फुटांचे काय, दहा फुटांचे शेड काढले तरी चार वाजल्यानंतर त्याच्याखाली बसणाराच्या तोंडावर ऊन येणारच. पश्चिमेला आडवे छप्पर निरुपयोगी. तेथे उभा आडोसा हवा, मग तो झाडाचा असो, वेलाचा असो की बांबूच्या तट्ट्याचा. ज्याला हे अंश-फूट नकोसे वाटतात त्याने एवढेच करावे: उन्हाळ्यातल्या एखाद्या दिवशी सकाळी नवाला, बाराला आणि चारला घराच्या व झाडांच्या सावलीच्या कडेने चुन्याची रेघ ओढावी. तिन्ही रेघांच्या आत जी जागा सापडेल ती बसण्याची. कोणत्याच रेघेत न येणारी, ती वाळवणाची.

वाळवणाची जागा मुद्दाम राखावी लागते, हे सावलीच्या नादात विसरता कामा नये. गहू दोन-तीन दिवस भिजत घालून, वाटून, त्याचा चीक शिजवून कुरोड्या सोऱ्याने घातल्या जातात त्या भल्या सकाळी. बाजेवर जुने धोतर पसरायचे, त्यावर एकेक चवंगा पाडीत जायचे, आणि ऊन चढण्यापूर्वी हात मोकळे करायचे. बाज यासाठी की तिच्या विणीतून खालूनही वारा लागतो, आणि कोंबड्या-कुत्र्यांपासून जिन्नस उंचावर राहतो. पापड, शेवया, सरगुंडे, सांडगे, मुगवड्या, तुरीची डाळ, मिरच्या, हळद: वर्षाचे निम्मे कोठार या चार हातांच्या उन्हावर अवलंबून असते. तेव्हा अंगणभर हिरवी जाळी ताणून सगळेच झाकून टाकणारा गृहस्थ घरातल्या बायकांना गच्चीच्या जिन्यावरून पातेली वाहण्यास लावतो, हे त्याने जाळी विकत घेण्यापूर्वी घरात विचारून घेणे श्रेयस्कर.

या सगळ्याचा वस्तुपाठ पाहावयाचा तर वडनेरकरांना जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. ३० एप्रिल १९३६ रोजी, म्हणजे ऐन वैशाखातल्या उन्हात, गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास आले. त्याच सेगावचे १९४० साली सेवाग्राम झाले. पहिली वास्तू आदी निवास. तिचा खर्च पाचशे रुपयांवर जाऊ नये आणि ती गावच्या सामानातून, गावच्या कारागिरांच्या हातून उभी राहावी, अशी गांधीजींची अट होती. त्या एका दालनात आरंभी स्वतः गांधीजी, कस्तुरबा, सचिव प्यारेलाल आणि खान अब्दुल गफार खानांसारखे पाहुणे इतकी माणसे राहत, आणि हे शक्य झाले ते दालन मोठे होते म्हणून नव्हे, तर दिवसातला पुष्कळ काळ कोणी दालनात नसे म्हणून. प्रार्थना उघड्या मैदानावर, निजणे आकाशाखाली, चालणे शिवारात. छपराखाली फक्त लेखन, चर्चा आणि आजारपण. १९३६ साली गांधीजींनी लावलेला पिंपळ त्या आवारात आज भला विस्तारला आहे.

पुढे जिला बापू कुटी म्हणू लागले ती मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांची झोपडी. मातीच्या भिंती, लाकडी व बांबूचे आढे-फाटे, कवेलूंचे उतरते छप्पर आणि ते भिंतीपलीकडे पुष्कळ खाली ओढून केलेली पडवी. भिंतींवर मीराबेन यांनी मातीतच उठवलेली ताडाची झाडे, मोर आणि ओंकार. ही कुटी पाहावयास जाणाऱ्याने एखाद्या उन्हाळी दुपारी प्रथम अंगणातल्या उन्हात उभे राहावे, मग पडवीत, मग आत. या तीन टप्प्यांत डोळ्यांवरचा प्रकाश दोनदा मंदावतो. वळचण इतकी खाली आहे की उंच माणसाला वाकावे लागते, आणि त्याच कारणाने बाहेरच्या तापलेल्या जमिनीवरून परावर्तित होणारी तिरीप भिंतीपर्यंत पोचत नाही. भिंत तापत नाही, म्हणून खोली तापत नाही. घर थंड ठेवण्याची खटपट घराबाहेर चार पावलांवर सुरू करावयाची असते, हे पुस्तकांतून समजण्यापेक्षा तेथे त्वचेला लवकर समजते.

१९७८ साली इव्हान इलिच हे विचारवंत सेवाग्रामला आले असताना या कुटीत बराच वेळ बसले, आणि पुढे आपल्या भाषणात त्यांनी तिच्यातल्या सात प्रकारच्या जागा मोजून दाखविल्या. मला त्यांतली पहिली जागा फार मोलाची वाटते: आत शिरण्यापूर्वी पादत्राणे काढून ठेवण्याची. उघडी पडवीही त्यांनी स्वतंत्र जागा म्हणून गणली. आजच्या नवीन घरांच्या दाराशी चपलांचा जो पसारा पडलेला असतो त्याचे मूळ माणसांच्या अव्यवस्थितपणात नाही. चप्पल काढावयास टेकण्यापुरता कट्टा, पाय धुण्यास एक बादली व चिखल झटकण्यास दोन हात दगड, एवढी तजवीज नकाशा काढताना कोणी केली नाही, एवढेच त्याचे कारण आहे. शेतातून चिखलाच्या पायांनी परतणाऱ्या माणसाच्या घराला तर दिवाणखान्यापेक्षा ही जागा आधी हवी.

सेवाग्रामच्या या परंपरेला वर्ध्यात पुढेही वारसदार लाभले. देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने शंकूच्या आकाराची मातीची कौले एकात एक गुंफून, लाकडावाचून कमानी छप्पर उभारण्याची रीत विकसित केली. सागवानाचे भाव पाहता पडवीवर अशा छपराचा विचार अवश्य करावा. घराला लागणारे सामान पाच मैलांच्या आतले असावे हा गांधीजींकडून ऐकलेला विचार आयुष्यभर वागवून केरळात शेकडो स्वस्त घरे बांधणारे लॉरी बेकर यांचे नाव आपल्याकडच्या वास्तुविशारदांच्या तोंडी पुष्कळ असते. त्या विचाराचा प्रयोग जेथे झाला तो मुलूख मात्र पत्रा आणि कोबा यांच्या मागे लागला आहे.

आता पायाखालच्या जमिनीकडे वळू. काळी कपाशीची माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट टाकलेला कोबा दोन-तीन पावसाळ्यांत दुभंगतो, आणि दोष मात्र गवंड्याच्या पदरी येतो. बसण्या-उठण्याच्या जागेपुरती तरी ही माती एक-दीड फूट खोल काढून तेथे मुरूम भरावा, पाणी मारून थराथराने तो धुमसावा, आणि भिंतीपासून दूर, दर चार-पाच फुटांना एक इंच असा उतार द्यावा. भिंतीच्या पायाशी पाणी साचले तर काळी माती तेथेच अधिक फुगते, आणि अंगणातली हयगय घराच्या भिंतीला तडा घालते. मुरुमावर शहाबादी फरशी सांधे मोकळे ठेवून बसविली तर पाऊस सांध्यांतून मुरतो व एखादी फरशी हलली तर ती उचलून पुन्हा बसविता येते. सगळे अंगण फरसबंद करण्याचे प्रयोजन नाही. फाटकापासून दारापर्यंतची वाट, मोटारसायकल उभी करण्याची जागा, धुण्याच्या दगडाभोवतीचा भाग आणि बैठकीची जागा, एवढे पक्के केले की उरलेले मातीचेच राहू द्यावे. शेणाने सारवणे जमत असेल तर उत्तम, न जमेल तर चोपून घेतलेला मुरूमही चालतो.

माती राहू द्यावी याला आणखी एक कारण आहे, ते सडा. दिवस मावळतीला लागला की बादलीभर पाणी घेऊन, ओंजळीने किंवा तांब्याने, हात अर्धवर्तुळात फिरवीत, मागे मागे सरकत सडा टाकला जातो. पाणी साचता कामा नये आणि जमीन कोरडी दिसता कामा नये, एवढेच त्याचे शास्त्र. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता खर्च होते तेवढीत बर्फासारखे थंडगार असे पाच लिटरांहून अधिक पाणी उकळीला आणता येईल, आणि ही सारी उष्णता अंगणाची जमीन व तिच्यावरची हवा यांच्यातून काढली जाते. मे महिन्यातली येथली हवा ठणठणीत कोरडी असल्यामुळे हा उपाय लागू पडतो. वाळ्याचे पडदे आणि गवताचे कूलर विदर्भात चालतात ते याच न्यायाने, आणि मुंबईत चालत नाहीत तेही याच न्यायाने. कोब्यावर टाकलेले पाणी मात्र क्षणभर चरचरते आणि उडून जाते. खाली मुरलेला ओलावा नसल्यामुळे अर्ध्या तासात जमीन पुन्हा पूर्ववत तापते.

सावलीच्या साधनांत अग्रमान कडुनिंबाचा. माघ-फाल्गुनात तो पाने गाळतो आणि चैत्रात, ऊन असह्य होण्याच्या सुमारास, नव्या पालवीने भरून येतो. म्हणजे ज्या दिवसांत ऊन हवे असते त्याच्या शेवटी तो उघडा होतो आणि ज्या दिवसांत नको त्या दिवसांत झाकतो. तो पश्चिमेला, भिंतीपासून निदान पंधरा-वीस फुटांवर लावावा. वड आणि पिंपळ यांना आवारात थारा देऊ नये, त्यांची मुळे पायाशी दावा मांडतात. ती झाडे गावाच्या पारासाठी. मुनगा झपाट्याने वाढतो आणि शेंगाही देतो, पण त्याचे लाकूड ठिसूळ. एप्रिल-मेच्या वावधनात, म्हणजे वादळवाऱ्यात, फांदी कोठे पडेल याचा नेम नसतो, तेव्हा तो बाजेच्या जागेपासून दूरच बरा. लिंबू, सीताफळ, गोडनिंब ही सांदवाडीची झाडे. न्हाणीच्या सांडपाण्यावर केळी आणि धोप्याचा अळू. काळ्या मातीत शोषखड्डा पावसाळ्यात लवकर तुंबतो, म्हणून ते पाणी उथळ चराने झाडांपर्यंत नेणेच शहाणपणाचे.

झाड वाढेपर्यंत मांडव. कोकणात पावसाळा संपला की खळ्यात मांडव उभा राहतो आणि मृगापूर्वी उतरतो. गोव्यात दाराबाहेर दगडी बाकांचा बाल्कांव असतो. आपल्याकडे पऱ्हाटीच्या व तुराटीच्या ताट्या असत. या ताट्यांविषयी मात्र आता पुनर्विचार करणे भाग आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी उद्ध्वस्त केली. ही अळी व तिचे कोष हंगामानंतर पऱ्हाटीला राहिलेल्या बोंडांत टिकून राहतात, आणि म्हणूनच पऱ्हाटी घराजवळ वा बांधावर साठवून ठेवू नये, असे कृषी खाते सांगत असते. आडोशाला तुराटी किंवा बांबूचे तट्टे वापरावेत. पऱ्हाटीचा मोह सोडावा. पत्र्याचे शेड आधीच असेल तर ते उपटून टाकण्याची गरज नाही. वरून पांढरा चुना किंवा पांढरा रंग द्यावा, आणि खाली वीतभर अंतर सोडून तट्टे टांगावेत. मधल्या पोकळीतून वारा खेळला पाहिजे, दोन्ही टोके बंद केली तर सगळा खटाटोप व्यर्थ. हिरवी जाळी लावावयाची तर माणसाच्या डोक्यापासून चांगली दोन-अडीच फूट वर, आणि दोऱ्या अशा बांधाव्यात की वावधनाची चाहूल लागताच एका बाजूने सोडून गुंडाळता येईल. चारही कोपरे घट्ट आवळलेली जाळी वादळात शिडाचे काम करते आणि खांबांसह जाते.

बंगईची हौस असेल तर ती जरूर पुरवावी, पण मागेपुढे प्रत्येकी तीन-चार हात मोकळे हवेत आणि कडी पक्क्या तुळईत हवी. शेडच्या लोखंडी नळीला टांगलेल्या बंगईवर मुले एकदम तिघे-चौघे बसतात, हे लक्षात घ्यावे. पाण्याचा रांजण उत्तरेच्या पडवीत, घडवंचीवर, वारा लागेल असा. त्याचे झिरपलेले पाणी तुळशीला जावे. रांजण, कूलरची टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा पूर्ण रिकाम्या करून घासाव्यात, कारण डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडाच लागतो. सेगावात आलेल्या गांधीजींनाही त्याच वर्षी मलेरियाने गाठले होते. सरपण जमिनीपासून हातभर उंच माच्यावर आणि निजण्याच्या जागेपासून लांब, म्हणजे विंचू-साप व बाज यांच्यात अंतर राहील. दिवा बैठकीच्या डोक्यावर नको, पलीकडे कुंपणाशी हवा, आणि पिवळा. पावसाळी किडे त्याच्याभोवती फिरतील आणि ताट स्वच्छ राहील. म्हाताऱ्यांसाठी पायऱ्या सहा इंचांहून उंच नकोत व एका बाजूला धरावयास काही असावे.

हमरस्त्याला लागून घर असणाऱ्यांची अडचण वेगळी. ट्रकांचा आवाज झाडांनी फारसा अडत नाही, त्यासाठी भरीव भिंतच लागते. धूळ मात्र पानांवर बसते. म्हणून रस्त्याच्या अंगाने छातीएवढी भिंत आणि तिच्या आत मेंदीचे किंवा जास्वंदीचे दाट कुंपण असा जोड करावा, व बैठक घराच्या दुसऱ्या बाजूस न्यावी. चारही बाजूंनी उंच भिंत घालणारा माणूस चोराबरोबर वाऱ्यालाही बाहेर ठेवतो.

भिंतीचा विषय निघाला की हद्दीचा निघतोच. गावठाणातली कुंपणे पिढ्यान्‌पिढ्या बाभळीच्या काट्यांची होती, आणि काट्यांचे कुंपण हातभर इकडे-तिकडे झाले तरी शेजाऱ्यांत ते बोलून मिटे. सिमेंटची भिंत तशी सरकत नाही. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्याची सोय झाली आहे. भिंत, ओटा किंवा पायऱ्या बांधण्यापूर्वी ही पत्रिका आणि ग्रामपंचायतीतला नमुना आठचा उतारा ताडून पाहावा. ओटा रस्त्यावर दोन हात पुढे आला तर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ५३ अन्वये ग्रामपंचायत तो काढावयास लावू शकते, आणि त्या वेळी शेजारच्याचाही ओटा पुढेच आहे ही सबब कामी येत नाही. झाडाची फांदी, छपराचे पाणी आणि न्हाणीचा चर या तीन गोष्टी शेजाऱ्याच्या आवारात जाणार नाहीत एवढे पाहिले तर खेड्यातल्या निम्म्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत.

खर्चाचा क्रम शेवटी सांगतो, कारण तो बहुधा उलटा धरला जातो. पहिल्या वर्षी केवळ उतार, मुरूम आणि पाण्याचा चर. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात पश्चिमेला कडुनिंबाची दोन रोपे, शेळ्यांपासून वाचविण्यासाठी काट्यांच्या कठड्यासह. दुसऱ्या वर्षी दक्षिणेची ओसरी, वळचण सात फुटांहून वर न नेता. फरशी, बंगई, कट्टा हे त्यानंतर, कापसाचे पैसे जसे हाती येतील तसे. रोपांची सावली अंगणात पडू लागावयास पाच-सहा वर्षे सहज जातात. तोपर्यंत फाल्गुनात मांडवाचे खांब उभारावेत, त्यासाठी जमिनीत लोखंडी नळ्यांचे तुकडे कायमचे गाडून ठेवावेत, आणि मृग लागण्यापूर्वी खांब व तट्टे उतरवून गोठ्याच्या माळ्यावर कोरड्या जागी रचून ठेवावेत, म्हणजे तेच सामान तीन-चार उन्हाळे पुरते.